मृगापासून वैशाखापर्यंत: परसबागेचे वर्ष

परसबाग करावी असे पुष्कळांच्या मनात असते आणि सुरुवातही हौसेने होते. तरी पहिल्याच वर्षी अनेकांचा हिरमोड होतो. एप्रिलच्या उन्हात कोथिंबीर पेरली जाते, ती बोटभर वाढून फुलावर येते. जुलैच्या मुसळधार पावसात टोमॅटोची रोपे लावली जातात, ती आठवड्यात माना टाकतात. मग ‘आमच्या मातीत काही येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष मातीचा नसतो, वेळेचा असतो. आपण भाजी आधी ठरवतो आणि ऋतू नंतर बघतो. आपल्याकडच्या जुन्या परसबागांचा क्रम उलटा होता: आधी ऋतू, मग त्या ऋतूचे बी आणि शेवटी भाजी. हा क्रम पाळला की पाणी, खत आणि औषध या तिन्हींची गरज कमी होते.

हे वेळापत्रक आपल्या सणांतही दिसते. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी होते. अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याची कणसे या नेमक्या पावसाळ्यात हाताशी येणाऱ्या भाज्या. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला भरताच्या रूपाने पानात परत येते. पावसाच्या शेवटी लावलेली वांगी तेव्हाच भरात असतात. जानेवारीतल्या भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, तीळ असतात, म्हणजे हिवाळ्याचे जवळजवळ सगळे पीक. तेव्हा बागेची आखणी करताना शेजारी पंचांग असेल तर उत्तम.

उन्हाळ्यातली तयारी: जागा, माती, खत

परसबागेचे वर्ष जूनमध्ये नव्हे, चैत्र-वैशाखात सुरू होते. दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन येईल अशी जागा निवडा. फळभाज्यांना यापेक्षा कमी ऊन चालत नाही. पालेभाज्या, अळू, पुदिना, हळद, आले थोड्या सावलीत निभावतात. वेलांचा मांडव जागेच्या उत्तर कडेला घाला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या मांडवाची सावली बाकीच्या वाफ्यांवर पडत नाही.

मे महिन्यात जमीन वीतभर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्या. तणांच्या मुळ्या, किडींची अंडी आणि कोष उघडे पडतात. उन्हाने आणि पाखरांनी बरेचसे संपतात. ढेकळे फोडताना शेणखत मिसळा, मात्र ते पूर्ण कुजलेले हवे. कुजलेले शेणखत हाताला भुसभुशीत लागते आणि त्याला मातीचा वास येतो. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते आणि उधईही लागते. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून निघून संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकले तर पुढच्या वर्षभराचा त्रास वाचतो.

माती ओळखून वागा. देशावरची आणि विदर्भातली काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात पावसाळ्यात सरी-वरंबे काढून वरंब्यावर लावणी करा, म्हणजे मुळे पाण्यात बसत नाहीत. कोकणातली जांभ्याची लाल माती पाणी पटकन सोडते आणि भरपूर पावसात तिच्यातले पोषणही वाहून जाते. तिला पालापाचोळा आणि शेणखत दर हंगामाला द्यावे लागते. चुलीची राखही माती पाहूनच द्या. कोकणातली माती आम्ल असते, तिथे राखेचा चांगला उपयोग होतो. काळी माती मुळातच विम्लाकडे झुकलेली असते, तिच्यात राख बेताने, चिमटी-चिमटीनेच टाका.

मृग ते मघा: वेलांचा हंगाम

मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागते, पण पहिली सर पडली की लगेच बी टाकू नका. वापसा येऊ द्या. मूठभर माती घेऊन दाबा. हाताला चिकटली तर अजून ओल जास्त आहे. गोळा झालाच नाही तर माती कोरडी आहे. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वापसा आला. आता टोकणी करा. ओल जास्त असताना पेरलेले बी कुजते आणि काळ्या मातीत पाय पडून जमीन घट्ट होते ती वेगळीच.

हा हंगाम वेलांचा: दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, दुधी, काकडी, लाल भोपळा. प्रत्येक आळ्यात टोपलीभर कुजलेले खत घालून तीन-चार बिया लावा आणि रोपे चार पानांची झाली की जोमदार दोन ठेवून बाकीची कापून टाका. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. कारले, पडवळ यांच्या बियांचे टरफल जाड असते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि मोड दिसला की लावा. बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल, यापेक्षा खाली नको. कोकणात आळे जमिनीच्या वर उचललेले, उंचवट्यावर करतात, कारण तिथे धोका तहानेचा नसून पाणी तुंबण्याचा असतो. देशावर, जिथे पाणी तुंबत नाही तिथे, तेच आळे खोलगट करतात. लाल भोपळ्याला जागा फार लागते; त्याला उकिरड्याच्या किंवा कंपोस्ट खड्ड्याच्या कडेला सोडणे ही जुनी आणि अगदी योग्य रीत आहे.

मांडव बी लावण्याच्या आठवड्यातच उभा करा. वेल जमिनीवर पसरल्यावर उचलून चढवला की मोडतो. उंची एवढी ठेवा की उभे राहून हात पोचेल. वेल मांडवाला पोचेपर्यंत बगलफुटी काढत राहा, वर गेला की शेंडा खुडा. बाजूला फांद्या फुटतात आणि मादी फुले मुख्यतः या फांद्यांवर येतात.

‘फुले खूप, फळ नाही’ ही वेलवर्गीय भाज्यांतली नेहमीची तक्रार असते. नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि सुरुवातीचे दोन आठवडे बहुधा नरच येतात, तेव्हा धीर धरा. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नर फुलाचा देठ सडपातळ असतो. नंतरही छोटी फळे पिवळी पडून गळत असतील, तर परागीकरण होत नाही असे समजा. सततच्या पावसात मधमाश्या फिरकत नाहीत. अशा वेळी नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे परागकोश मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. फुले उमलण्याची वेळ मात्र पाळा: भोपळा, काकडी, कारले, घोसाळे यांचे सकाळी लवकर, दुधी, दोडका, पडवळ यांचे संध्याकाळी. सकाळी दुधीच्या मिटलेल्या फुलावर कितीही खटपट केली तरी ती वाया जाते.

वेलांबरोबर जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, अंबाडी आणि मका टोकून घ्या. भेंडी दीड महिन्यात सुरू होते आणि एक दिवसाआड तोडावी लागते. जून झालेली एक भेंडी झाडावर राहिली तरी पुढची फुले कमी होतात. अळूचे कंद ओलसर कोपऱ्यात लावा. काळसर देठाचे वडीला, हिरवे फदफद्याला. अळूच्या खाजेचे कारण त्यातले सूक्ष्म स्फटिक. म्हणून त्यात चिंच किंवा आमसूल घालायचे आणि पान पुरते शिजवायचे. पालेभाज्या मात्र या काळात बेताने पेरा. लाल माठ आणि पालक जोरदार पावसात झोडपून निघतात, मातीचे शिंतोडे बसून पाने सडतात. निसर्ग ती उणीव रानभाज्यांनी भरून काढतो: टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. रानभाजी ओळखणाऱ्या जाणत्या माणसाबरोबरच खुडा; नुसत्या फोटोवरून नको.

पावट्याविषयी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. पावटा, वाल यांचे जुने गावरान वेल जूनमध्ये कुंपणावर चढवले की दणकून वाढतात, पण सप्टेंबरपर्यंत एकही फूल देत नाहीत. पुष्कळ जण कंटाळून ते तोडून टाकतात. हे वेल दिवस लहान होण्याची वाट पाहत असतात. रात्र वाढू लागली की मगच त्यांना फुलोरा येतो. दिवाळीच्या आसपास तोच वेल शेंगांनी लगडतो आणि संक्रांतीपलीकडे चालतो. त्याला तेवढी मुदत द्या.

उत्तरा ते स्वाती: वर्षातले सर्वांत महत्त्वाचे दोन महिने

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत जे काम होते त्यावर हिवाळ्याची सगळी भाजी अवलंबून असते. अनेकांची बाग याच काळात ओस पडते, कारण गणपती-नवरात्राच्या गडबडीत रोपवाटिका राहून जाते.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी गादीवाफ्यावर टाका. वाफा जमिनीपासून वीतभर उंच, माती चाळलेली, त्यात निम्मे गांडूळखत. बोटाने आडव्या रेघा ओढून बी विरळ पेरा, वर खताचा पातळ थर द्या आणि झारीने पाणी घाला. बी दाट झाले आणि पाणी जास्त झाले की रोपे जमिनीलगत सडून आडवी होतात, म्हणून विरळ पेरणी आणि बेताचे पाणी हाच उपाय. चार ते सहा आठवड्यांत रोपे लावणीला येतात. लावणी संध्याकाळी करा आणि पहिले तीन-चार दिवस एरंडाच्या किंवा सागाच्या पानाची सावली द्या. कोबी-फ्लॉवरची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात टाका, कांद्याचे बी त्याच सुमारास; कांद्याच्या रोपांना मात्र दीड-दोन महिने लागतात.

वांग्याचे वाण आपल्या भागाचे निवडा. खानदेशात भरताचे मोठे, पांढरट हिरवे वांगे असते. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. पुण्याकडे मांजरी गोटा, कृष्णाकाठी तिथली वांगी. ज्या भागात जे वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकले, तिथल्या हवेची त्याला सवय असते आणि तिथल्या स्वयंपाकालाही ते जुळते.

हस्ताचा पाऊस ओसरला की संपलेले वेल काढा. निरोगी वेल कंपोस्टमध्ये टाका, रोगट वेल बागेबाहेर न्या. आणि फेरपालट विसरू नका. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली मंडळी असल्याने त्यांची दुखणीही सारखी. ज्या वाफ्यात गेल्या वर्षी यांपैकी एक होते तिथे यंदा घेवडा, वाटाणा, मेथी असे काही घ्या. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे पुढच्या पिकाचे खत वाचते.

हिवाळा: पालेभाज्यांचे राज्य

नवशिक्याने सुरुवात करावी ती याच ऋतूत. कीड कमी, पाणी बेताचे आणि पहिली जुडी महिन्याभरात.

ऑक्टोबर ते जानेवारी मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, चुका, चाकवत, करडई, लाल माठ, मुळा, गाजर, बीट घ्या. एका वेळी सगळा वाफा पेरू नका. वाफ्याचे तीन-चार भाग करून दर दहा-बारा दिवसांनी एक भाग पेरा, म्हणजे रोज थोडी ताजी भाजी मिळते. नाहीतर एकाच आठवड्यात वीस जुड्या तयार होतात आणि निम्म्या वाया जातात.

कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली किंवा पाटावर हलके रगडून दोन फाडी करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर वाफा सुकू देऊ नका. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. पालक पहिल्यांदा महिन्याभराने कापा, जमिनीपासून दोन बोटे सोडून; त्याच खोडावर तीन-चार कापण्या मिळतात. मुळा आणि गाजर जागच्या जागी पेरायचे, त्यांचे रोप उचलून लावले की मूळ फाटते आणि वाकडे होते. आठ-दहा दिवसांची झाली की विरळणी करा. उपटलेला कोवळा पाला भाजीत वापरा. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोक वर ठेवून लावा. साडेचार-पाच महिन्यांनी पात पिवळी पडून वाकू लागली की काढा आणि पातीसकट वेण्या बांधून हवेशीर सावलीत टांगा.

कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेतात. पाणी न देता केवळ दवावर आणि जमिनीतल्या ओलाव्यावर ते पीक येते. जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजली जाणारी पोपटी ही याच वालाच्या शेंगांची. परसात विहिरीचे पाणी असेल तर याच दिवसांत लाल माठ, मुळा, वांगी, मिरची यांचे वाफे कोकणात सर्वांत चांगले येतात.

हिवाळ्यात पाणी सकाळी द्या. संध्याकाळी पाने ओली राहिली की रात्रभर तशीच राहतात आणि भुरी, करपा यांना वाट मिळते. टोमॅटोला आधाराच्या काठ्या लावा, जमिनीलगतची पाने काढून टाका. वांगी-मिरचीला एक महिन्याने मातीची भर द्या.

माघ ते वैशाख: उन्हाळी बाग

उन्हाळी भाज्यांची तयारी थंडीतच करावी लागते. जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत काकडी, दुधी, दोडका, कारले, भेंडी, गवार आणि चवळी लावा, म्हणजे कडक ऊन येण्यापूर्वी वेल पसरलेले असतात. मार्चअखेर लावलेले वेल जेमतेम जगतात. पालेभाज्यांत तांदुळजा, राजगिरा, घोळ आणि पुदिना यांना उष्णता मानवते. मेथी, पालक, कोथिंबीर लवकर फुलावर येतात. त्यांचा हट्ट धरू नका. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टोमॅटोची फुले गळतात. खत वाढवून उपयोग नसतो. झाडाला सावली द्या किंवा ते पीक संपवा.

पाण्याची काटकसर आच्छादनाने सुरू होते. वाळलेला पाला, उसाचे पाचट, भाताचा पेंढा यांपैकी जे मिळेल त्याचा चार बोटे थर रोपाभोवती द्या, मात्र खोडाला चिकटवू नका. वेलांसाठी मडक्याची पद्धत फार गुणाची आहे. न रंगवलेले, झिरपणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, भोवती वीतभर अंतरावर तीन-चार बिया लावा, मडके पाण्याने भरून तोंडावर झाकण ठेवा. माती जितकी कोरडी होईल तितकेच पाणी मडक्यातून बाहेर येते. दोन-चार दिवसांनी भरले तरी पुरते. झाकण मात्र सोडू नका, डास होतात.

घरातल्या पाण्याचाही हिशेब ठेवा. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी कोणत्याही वाफ्याला चालते. मोरीचे पाणी पूर्वी केळी, अळू आणि कर्दळीकडे वळवलेले असे आणि तेव्हा भांडी राखेने घासली जात. आजच्या साबण-पावडरीचे पाणी पालेभाज्यांना देऊ नका, केळीपुरते ठेवा.

कीड-रोग: आधी नजर, मग हात, शेवटी फवारा

दररोज सकाळी एक फेरी आणि पानांच्या खालच्या बाजूला नजर हे सर्वांत प्रभावी औषध आहे. वांग्याचा शेंडा मलूल दिसला की त्याच्यात अळी आहे. सुकलेल्या भागाच्या खाली कापून तो शेंडा साबणाच्या पाण्यात बुडवा. आज तो शेंडा काढला नाही तर पुढची पिढी फळात शिरते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसल्या तर ते झाड उपटा. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि झाड बरे होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच काढलेले आहे.

वेलांच्या फळांना डंख मारणारी फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. फळ बोटभर झाले की कागदाच्या पिशवीत गुंडाळा. किडकी, वाकडी फळे रोज तोडून खोल पुरा. ती कंपोस्टमध्ये टाकली तर तिथूनच माश्या निघतात. कृषी सेवा केंद्रात फळमाशीचा कामगंध सापळा मिळतो, तोही लावा. मावा दिसला तर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारून पाहा आणि शेजारी लाल-काळे ठिपकेदार ढालकिडे आहेत का बघा. ते मावा खातात. असतील तर फवारणी पुढे ढकला.

फवारायचेच तर 5 टक्के निंबोळी अर्क. 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून एकूण एक लिटर द्रावण करा, त्यात किंचित साबण विरघळवून उन्हे उतरल्यावर फवारा. अर्क त्याच दिवशी संपवा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात, तेव्हाच वर्षभरासाठी वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा.

आणखी एक सावधगिरी जिवाशी गाठ असलेली आहे. दुधी, काकडी, दोडका यांची चकती चिरण्याआधी चाखून बघा. कडू लागली तर ती भाजी थुंकून फेकून द्या; शिजवू नका, रसही काढू नका. कडू दुधीतले विष शिजवून जात नाही. आणि त्या वेलाचे बीही धरू नका.

घरचे बी

परसबाग खऱ्या अर्थाने आपली होते ती दुसऱ्या वर्षी, घरच्या बियांनी पेरणी केल्यावर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या अंगणात गावरान वाणांचे बी जपून ठेवले. त्यांच्या संग्रहात वालाचे अनेक प्रकार आहेत. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी बाईने केलेले हे काम आपणही एका वाफ्यापुरते करू शकतो.

सुरुवात सोप्या भाज्यांनी करा. वाल, घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांचे परागीकरण बहुतांशी स्वतःच्याच फुलात होते, म्हणून बी शुद्ध राहते. वेलवर्गीय भाज्या, मुळा, पालक यांत संकर सहज होतो. भोपळ्याचे शुद्ध बी हवे असेल तर आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी एक मादी आणि एक नर कळी दोऱ्याने बांधा, सकाळी सोडून हाताने परागीकरण करा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा. तेच फळ बियांसाठी. दुकानातल्या संकरित बियाण्याच्या पिकाचे बी मात्र धरू नका, पुढच्या पिढीत गुण विस्कळीत होतात.

बी नेहमी सर्वांत जोमदार झाडाचे, पहिल्या-दुसऱ्या बहराचे निवडा. सगळी चांगली फळे खाऊन उरलेल्या खुरट्या फळाचे बी धरणे ही चूक फार होते. दोडका, भेंडी झाडावरच वाळू द्या. काकडी, वांगे पिवळे होईपर्यंत ठेवा. टोमॅटोच्या बियांचा गर दोन दिवस वाटीत आंबू द्या, मग धुऊन सावलीत वाळवा. कोकणात काकडीचे बी शेणात मिसळून चुलीजवळच्या भिंतीवर थापण्याची पद्धत होती. धूर आणि ऊब यांनी बी कोरडे आणि किडीपासून सुरक्षित राही. आज पुष्कळ घरांत चूल नाही, पण कोरडी राख आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी तेच काम करते. चिठ्ठीवर वाण आणि महिना लिहा. कांद्याचे बी वर्षभरात मरते. वांगी, टोमॅटो, भोपळा यांचे तीन-चार वर्षे टिकते. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून पाहा. आठ उगवल्या तर निर्धास्त पेरा, पाचच उगवल्या तर दुप्पट टाका.

जागा नसेल तर

गच्ची किंवा गॅलरी असली तरी ऋतूचा नियम तोच. पालेभाजीला वीतभर खोल कुंडी पुरते, वांगी-मिरची-टोमॅटोला फूटभर, वेलाला वीस लिटरची बादली. कुंडीत नुसती माती भरू नका, ती दगडासारखी होते आणि गच्चीवर भार पडतो. एक भाग माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग वाळका पाला किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण घ्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळ्यातून सुपीक माती कशी घडते हे सामान्य माणसाला शिकवले; शहरातल्या अनेक गच्ची-बागा त्याच विचारावर उभ्या आहेत. घरातला ओला कचरा आणि सोसायटीतला पाला एकत्र कुजवला तर खत विकत आणावे लागत नाही. पाणी टाकण्याआधी बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको. कुंडीतली बहुतेक झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात.

पहिल्या वर्षी एवढेच करा: जूनमध्ये एक दोडक्याचा आणि एक पावट्याचा वेल, सप्टेंबरात वांग्याची चार रोपे, ऑक्टोबरपासून मेथी-कोथिंबिरीचा एक वाफा, फेब्रुवारीत काकडी. या चार वेळच्या लावण्या चार ऋतू शिकवतात आणि पुढचे सगळे त्यावरच चढत जाते. वर्ष संपताना यांतल्या एका तरी भाजीचे बी बरणीत ठेवा आणि त्यातले मूठभर शेजाऱ्यांना द्या. गावरान वाण कपाटात टिकत नाहीत, ते दरवर्षी कुणीतरी पेरले आणि कुणाला तरी दिले म्हणूनच टिकतात. येत्या मृगाला त्या साखळीत तुमचेही एक आळे असू द्या.